मापाचें माप

मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हें. पनवेल तालुक्यांतील गव्हाण या खाडीकांठच्या गांवीं राहणारा एक निवृत्त शाळामास्तर आहें; शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां निरनिराळ्या शास्त्रांतील मोजमापाच्या पद्धतींवर माझ्यासारख्यानें बोलावें, हें कित्येकांना धाडसाचें वाटेल. परंतु मोजण्याचें काम केवळ प्रयोगशाळेंत होत नाहीं. तें खळ्यावर होतें, दुकानांत होतें, शाळेच्या ओसरीवरहि होतें. आणि मोजण्यांत चूक झाली म्हणजे काय घडूं शकतें, हें मीं एकदां स्वतःच्या हातून पाहिलें आहे. तेथूनच आरंभ करतों.

मी शिक्षक असतांना एके वर्षीं मुलांचीं वजनें करून पत्रक भरण्याचें काम माझ्याकडे आलें. शाळेंत स्प्रिंगचा एक जुना कांटा होता. सकाळपासून साठ मुलें मीं त्यावर उभीं केलीं आणि आंकडे वहींत उतरविले. शेवटचा मुलगा खालीं उतरला आणि म्हणाला, "गुरुजी, कांटा परत जागेवर गेला नाहीं." पाहतों तों, वर कोणी नसतांना कांटा दीड किलोवर उभा! तो पहिल्या मुलापासून तसा होता कीं चाळिसाव्या मुलापासून, हें कळण्यास कांहींच मार्ग नव्हता. पत्रक मात्र सुबक भरलेलें होतें. मग प्रत्येक वेळीं कांटा शून्यावर आला कीं नाहीं हें पाहून सर्व मुलांचीं वजनें पुन्हां केलीं. पहिल्या पत्रकांत ठीक ठरलेलीं चार मुलें खरोखर फार अशक्त निघालीं. त्या मुलानें तोंड उघडलें नसतें, तर त्या चौघांची भूक माझ्या वळणदार अक्षराखालीं झांकली गेली असती.

त्या दिवशीं मीं मनाशीं एक नियम केला. वस्तु मोजण्यापूर्वीं माप तपासावें. आणि माप तपासतांना मापणारालाहि तपासावें. पुढें अवांतर वाचन करतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, शास्त्रें कितीहि भिन्न असोत, त्यांतील थोर माणसांनीं हाच नियम पाळलेला आहे. त्याचीं चार उदाहरणें आपल्याच मुलखांतलीं सांगतों.

पहिलें उदाहरण आमच्या जिल्ह्यांतलें, अलिबागचें. मुंबईस कुलाबा येथें ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं वेधशाळा बांधली आणि १८४१ सालापासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें नियमानें घेतलीं जाऊं लागलीं. अलिबागजवळच्या नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे, जे पुढें थोर गणिती म्हणून प्रसिद्धीस आले, त्यांनीं तरुणपणीं याच वेधशाळेंत काम केलें होतें. पृथ्वीचें चुंबकत्व क्षणोक्षणीं किंचित् बदलत असतें, आणि टांगलेल्या चुंबकाच्या अतिसूक्ष्म हालचालीवरून तो बदल टिपावा लागतो. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचें ठरलें. विजेचा प्रवाह जेथून वाहतो, त्याच्याभोंवतीं चुंबकत्व उत्पन्न होतें. मग टांगलेला चुंबक पृथ्वीचें ऐकणार कीं ट्रामचें? वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनीं हा धोका ओळखला आणि मुंबईपासून दूर अलिबाग येथें नवी वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामांत चुंबकास विचलित करील असें लोखंड येऊं दिलें नाहीं.

परंतु मला विशेष वाटतें तें याच्या पुढचें. १९०४ सालीं अलिबागचें काम सुरू झालें, तरी कुलाब्याचें लगेच बंद केलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं मापें घेतलीं, आणि जुन्या जागेचें माप व नव्या जागेचें माप यांत अंतर किती पडतें, तें निश्चित केलें. तसें केलें नसतें, तर जागा बदलल्यानें पडलेला फरक पृथ्वीनेंच केला असें पुढच्या पिढ्यांना वाटलें असतें. ट्राम धांवूं लागली ती १९०७ सालीं. म्हणजे दोष येण्यापूर्वींच त्याची तजवीज झाली होती. ती ट्राम १९६४ सालीं बंद झाली, पण अलिबागची वेधशाळा आजहि काम करते, आणि ती ज्या भूचुंबकत्व संस्थेकडे आहे तिचें मुख्य ठाणें आमच्या नवीन पनवेलांतच आहे.

दुसरें उदाहरण शेताचें. आमच्याकडे पूर्वीं खळ्यावर भात पायलीनें मोजीत. चार शेरांची पायली. पण घेतांना वर शीग ठेवावी आणि देतांना हात फिरवून सपाट करावी, असें करणारेहि असत. पायली तीच, माप दोन! सरकारी अंदाजाची गतहि फार निराळी नव्हती. शेताकडे पाहून पीक किती आणे आहे हें नजरेनें ठरवावयाचें, आणि त्यावरून साऱ्या जिल्ह्याचें धान्य काढावयाचें. नजर कोणाची, तिला काय हवें आहे, हें कोण विचारणार?

सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं संख्याशास्त्राच्या आधारें ही रीत बदलण्याचें मोठें काम केलें. त्यांची पद्धत अशी कीं, गांव, शेत आणि शेतांतील जागा, तिन्ही जणूं चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचीं. मग तेथें ठराविक मापाची चौकट आंखून तेवढेंच पीक कापावयाचें व तोलावयाचें. १९४० नंतरच्या दशकांत त्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. चौकट अगदीं लहान घेतली, तर उतारा खऱ्याहून अधिक येतो. कारण लहान चौकटींत क्षेत्राच्या मानानें कड फार. कडेवरचें रोप आंतलें कीं बाहेरचें, असा प्रश्न पदोपदीं येतो, आणि माणसाचा हात तें रोप आंत ओढतो. तो लबाडी करीत नसतो. पण हाताचा कल असतो.

असा एक प्रयोग मी लहानपणीं आमच्याच खाचरांत पाहिला. चिठ्ठींत आमचें शेत निघालें आणि मोजणीची खुंटी भर पिकांत आली. बांधालगत खारें पाणी शिरून एक कोपरा जळला होता. माझ्या वडिलांना वाटे कीं खुंटी तिकडे जावी, म्हणजे गांवाचा उतारा कमी दिसेल आणि सारा सुटेल. ते त्या तरुण कर्मचाऱ्याला म्हणाले, "साहेब, दोन पावलें इकडे घ्या. सगळें खाचर एकसारखेंच आहे." तो नम्रपणें म्हणाला, "एकसारखें आहे, तर मग इथेंच राहूं द्या, काका." भात चांगलें उतरलें. वडील पुढें आठ दिवस माझ्याशींहि धड बोलले नाहींत, कारण खुंटी मीं धरली होती. त्यांची गरज खोटी नव्हती, हें मला आजहि वाटतें. परंतु ज्याचें पीक खरोखर बुडालें, त्याचें गाऱ्हाणें ऐकलें जावें यासाठींच खुंटी न हलणें जरूर असतें. सर्वांनीं ती दोन दोन पावलें हलविली, तर खरा बुडालेला ओळखावयाचा कसा?

तिसरें उदाहरण इरावती कर्वे यांचें. १९३० सालच्या सुमारास त्या बर्लिन येथें मानववंशशास्त्राच्या अभ्यासास होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे त्या शास्त्रांतील मोठें प्रस्थ. मनुष्याच्या कवटीची डावी व उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा फरक युरोपीय गोऱ्या वंशांत अधिक असावा आणि त्याचा संबंध बुद्धीच्या श्रेष्ठतेशीं असावा, असें त्या गुरूचें मत होतें. इरावतीबाईंनीं निरनिराळ्या वंशांच्या कवट्या बारकाईनें मोजल्या. फरक सर्वांतच आढळला. वंशाशीं त्याचा संबंध दिसला नाहीं. परक्या देशांत, परक्या भाषेंत, पदवी ज्याच्या हातीं त्याच्या मताविरुद्ध, त्यांनीं मापें जशीं होतीं तशींच मांडलीं. पुढें थोड्याच वर्षांत वंशश्रेष्ठत्वाची कल्पना जर्मनींत राज्याचें धोरण बनली आणि लक्षावधि निरपराध माणसें मारलीं गेलीं. येथें मोजपट्टींत दोष नव्हता. मोजण्यापूर्वींच ठरवून ठेवलेल्या उत्तरांत होता.

चौथें उदाहरण असें कीं, जेथें तराजू नाहीं आणि मोजपट्टीहि नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली आणि १९६६ सालीं ती पुरी केली. १९२५ पासून १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत विष्णु सीताराम सुखठणकर हे तिचे प्रमुख संपादक होते. ते केंब्रिजला गणित शिकून मग संस्कृताकडे वळले होते, हें मला अर्थपूर्ण वाटतें. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखितें ओळीओळीनें ताडून पाहावयाचीं, असें तें काम. आतां कोणी म्हणेल, ज्या पाठाला अधिक पोथ्या तो खरा. तसें नाहीं. एका चुकलेल्या पोथीवरून शंभर नकला झाल्या, तरी साक्षीदार एकच राहतो. म्हणून पोथ्यांचीं कुळें शोधावयाचीं, आणि एकमेकांपासून दूर वाढलेलीं कुळें जेथें एकच शब्द सांगतात, तो शब्द जुना मानावयाचा.

या कसोटीवर व्यासांनीं सांगितलें आणि गणपतीनें लिहून घेतलें ही कथाहि टिकली नाहीं. ती मूळ संहितेंतून काढून परिशिष्टांत ठेवावी लागली. मीं ती कथा वर्षानुवर्षें मुलांना सांगितली आहे, आणि हें प्रथम वाचलें तेव्हां मला वाईट वाटलें. परंतु संपादकांनीं ती फेंकून दिली नाहीं, कीं आवडती म्हणून आंतहि ठेवली नाहीं. जेथें पुराव्यानें नेलें तेथें ठेवली. कथा मीं पुढेंहि सांगितली, मात्र ती मागाहून आलेली आहे एवढें सांगून.

श्रोतेहो, चुंबक, भात, कवटी आणि पोथी यांचा परस्परांशीं काय संबंध? चारी शास्त्रांचीं साधनें निराळीं, गणित निराळें. पण चौघांनींहि आधीं एकच विचारलें: माझ्या मापांत माझ्या यंत्राचा, माझ्या जागेचा किंवा माझ्या इच्छेचा अंश किती मिसळला आहे?

आज गव्हाणच्या आसपासचीं कितीतरी खाचरें राहिलीं नाहींत. १९७० सालानंतर नव्या मुंबईसाठीं येथल्या जमिनी मोजल्या गेल्या, आणि वाडवडिलांच्या शेताचें उत्तर गुंठ्यांच्या एका आंकड्यांत येतें हें आमच्या पिढीनें पाहिलें. आंकडा घरांत येतो तो निव्वळ शाई म्हणून येत नाहीं. तो कोणाची भाकर, कोणाची जमीन, कोणाची लायकी ठरवून जातो. म्हणून आंकड्याचा द्वेष करूं नये आणि त्याच्यापुढें डोळे मिटून हातहि जोडूं नयेत. कोणीं मोजलें, कशानें मोजलें, जागा कोणीं निवडली, आणि मोजून झाल्यावर कांटा शून्यावर परत आला काय, एवढें शांतपणें विचारावें.

हा प्रश्न विचारण्यास मॅट्रिकहि व्हावें लागत नाहीं. मला तो दुसऱ्या इयत्तेंतल्या एका मुलानें विचारला होता. तो बोलला म्हणून चार मुलें वांचलीं. आपल्या घरांत, आपल्या शाळेंत असें मूल बोललें, तर त्याला गप्प बसवूं नये, एवढीच माझी विनंति आहे.