तुरट म्हणजे बिघडलेली नव्हे

परवडणाऱ्या रेड वाइनची चव कशी घ्यावी, असा विषय रेडिओ केंद्राने दिला आहे. महागड्या बाटलीवर बोला म्हणाले असते, तर मी आलो नसतो. आमच्या नाशिककडे कॅबर्ने सोव्हिन्यॉं आणि शिराज अशा दोन द्राक्षांची मिळून केलेली साधी वाइन मिळते. आज तीच समोर आहे असं धरू. जे घेत नाहीत त्यांनी सुरुवात करावी असं मुळीच नाही. त्यांनी दूध न घातलेला कडक चहा घ्यावा. धडा तोच आहे.

मिश्रण म्हटलं की काही जण नाक मुरडतात, जणू भेसळच. अहो, गोड्या मसाल्यात दगडफूल किती, हे जेवताना कोण विचारतं? पण ते नसलं तर आमटीत कळतं. फ्रान्समध्ये बोर्दोलाही कॅबर्ने आणि मर्लो एकत्र करतातच. कॅबर्ने करडी, तुरट. शिराज भरदार, थोडी मिरीच्या वळणाची. दोघी एकमेकींना सांभाळून घेतात.

आता तुरटपणा. इथे मी जरा रेंगाळणार. खायचं द्राक्ष टपोरं, पातळ सालीचं, बहुधा बिनबियांचं. वाइनचं द्राक्ष लहान, साल जाड, पोटात बिया. यातलं काळं द्राक्ष सोलून बघा, आतला गर पांढुरकाच! मग वाइन लाल कशी? रस सालींसकट आंबवतात म्हणून. रंग सालीचा, तुरटपणा सालीचा आणि बियांचा. पुन्हा सांगतो, रंग सालीचा, तुरटपणा सालीचा आणि बियांचा.

एक लहान घोट घ्या. लगेच गिळू नका, तोंडभर फिरवा. मग जीभ टाळूला घासा. कच्चं केळं चावल्यासारखी ओढ बसली? तो तुरटपणा. जिभेच्या कडांना लाळ सुटली? तो आंबटपणा. आंबटाने लाळ सुटते, तुरटाने तोंड कोरडं पडतं. आपल्याकडे एप्रिलात वेलीची खरड छाटणी, पावसाळा सरता फळासाठी गोडी छाटणी, म्हणून द्राक्ष थंडीत पिकतं आणि रात्रीच्या गारव्याने त्यातला आंबटपणा टिकतो. आंबट, तुरट, गोडसर यांतलं एकही दुसऱ्याला ओरडून गप्प करत नसेल, तर स्वस्त बाटलीही चांगली. लोक ‘तुरट लागली, बिघडली’ म्हणून ओतून देतात. आवळा खाताना असं म्हणता का?

आणि तो काठोकाठ भरलेला ग्लास! पाहुणचाराचा तांब्या आहे का तो? तिसरा हिस्सा भरा, म्हणजे हलवता येईल, वास घेता येईल. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हे युरोपातल्या गार घरांचं शास्त्र. आपल्या उन्हाळ्यात बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवा. सोळा ते अठरा अंश पुरे. बर्फ मात्र घालू नका हो, चव पाणचट होते.

समोरून खूण झाली, वेळ संपत आली. जेवणाबरोबर घ्यायची तर सुकं मटण, चीज चालेल, तुरटपणा मऊ पडतो. ठेच्याबरोबर नको, जळजळ वाढते. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. आणि वासाचं... वासाचं सांगायचं राहूनच गेलं.