समुद्रपूरच्या कुरणांची माती: पोयटा, खोली आणि प्रतवारी

वर्धा जिल्ह्याच्या जुन्या जमाबंदीत जमिनीची प्रतवारी करताना काळी, मोरंड, खरडी आणि बरडी ही नावे उतरत्या क्रमाने वापरली गेली, आणि हा क्रम मातीच्या अंगच्या गुणांवर जितका बेतलेला होता त्याहून अधिक तिच्यातून निघणाऱ्या पिकावर व त्यावर बसवायच्या साऱ्यावर बेतलेला होता. खोल आणि चिकण ती काळी, चुनखडीचे खडे मिसळलेली काळसर-तपकिरी ती मोरंड, उथळ व हलकी ती खरडी, आणि मुरमावर दगडगोट्यांसह जेमतेम टिकून राहिलेली ती बरडी. गुरे ज्या जमिनीवर चरतात ती बहुतेक शेवटच्या दोन प्रतींत मोडते. म्हणजे कुरणाच्या मातीला स्वतःचे असे वर्णन मिळालेच नाही, नांगराखाली न येणारी जमीन एवढीच तिची ओळख उरली. तिचे शास्त्रीय लक्षण व वर्गीकरण कसे करावे, आणि त्यात पोयट्याला, अर्थात वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड अशा कणांना, किती महत्त्व द्यावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

याच जिल्ह्यातील समुद्रपूर तालुका दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरून थिजलेल्या लाव्हाच्या खडकावर वसलेला आहे. गिरडच्या बाजूच्या टेकड्यांवरून वणा नदीच्या खोऱ्याकडे उतरत गेल्यास माती पावलोपावली बदलते: माथ्यावर वीतभरही नसलेली तांबूस-तपकिरी माती, उतारावर मुरमावर बसलेली मध्यम खोलीची, आणि सखल भागात मीटरभर किंवा त्याहून खोल, उन्हाळ्यात रुंद भेगा पडणारी काळी. खडक सर्वत्र जवळजवळ एकच असला तरी पावसाने माथ्यावरचे बारीक कण वर्षानुवर्षे खाली वाहून नेले आहेत, आणि एका उतारावरील मातींची अशी साखळी समजली की खरडी व बरडी या स्वतंत्र जाती नसून त्याच साखळीतील वरच्या कड्या आहेत हे ध्यानात येते.

पोयट्याची व्याख्या कणाच्या आकारावरून होते. अमेरिकी पद्धतीत ०.००२ ते ०.०५ मिलिमीटर व्यासाचे कण पोयट्यात धरतात, तर स्वीडिश शास्त्रज्ञ अ‍ॅटरबर्ग यांच्या मापांवर उभ्या असलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ही वरची मर्यादा ०.०२ मिलिमीटरवर थांबते. त्यामुळे एकाच नमुन्याचा पोयटा पहिल्या पद्धतीत अधिक आणि दुसऱ्या पद्धतीत कमी भरतो, आणि भारतातील जुने व नवे अहवाल शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने कोणते माप वापरले आहे हे आधी पाहिले नाही तर माती न बदलताच तिचे नाव बदलते. शेतात मात्र बोटांची परीक्षा पुरते: ओली माती चोळली असता वाळू खरखरते, चिकणमाती बोटांना धरून राहते, आणि पोयटा पिठासारखा मऊ लागतो, पण त्याची लांब सुतळी वळता येत नाही.

येथे एक अडचण आहे आणि ती टाळण्यासारखी नाही. जगातील नावाजलेली पोयट्याची गवताळ मैदाने, उदाहरणार्थ रशियाची काळी माती, जिच्यावर रशियन मृदाशास्त्रज्ञ दोकुचाएव यांनी १८८३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, ही वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक धुळीच्या जाड थरावर तयार झाली. दख्खनमध्ये तसा थर नाही. शिवाय बेसाल्टमध्ये गारगोटीचे कण जवळपास नसतातच. त्यातील फेल्डस्पार व पायरॉक्सिन ही खनिजे झिजतात ती थेट स्मेक्टाइट या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकण खनिजापर्यंत. म्हणून पूर्ण मुरलेल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण पुष्कळदा निम्म्याहून अधिक असते आणि पोयटा मागे पडतो. रशियाची माती काळी आहे ती कुजलेल्या गवताच्या साठ्यामुळे. विदर्भाच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो, आणि तिचा रंग स्मेक्टाइटशी घट्ट बांधल्या गेलेल्या थोड्याशा ह्युमसचा, म्हणजे कुजून मुरलेल्या सेंद्रिय अंशाचा असतो. केवळ रंगावरून दोहोंना एका पंक्तीला बसवणे सोपे आहे, पण ते चूक आहे.

उतारावरच्या कुरणात मात्र चित्र वेगळे असते. तेथे झीज पुरी झालेली नसते, अर्धवट झिजलेले खनिजांचे कण पोयट्याच्या मापाचे राहतात, आणि चिकणमातीचा अंश पाण्याबरोबर पुढे निघून जातो. तर ओढ्यांच्या काठच्या पट्ट्यांत पुराने टाकलेला पोयटा साचतो. या कणांत झिओलाइट या खनिजगटाचाही वाटा असू शकतो. लाव्हातील पोकळ्यांत तयार होणारी ही खनिजे गिरडच्या शेख फरीद बाबांच्या टेकडीवर गोलसर गाठींच्या रूपात विखुरलेली सापडतात, आणि या फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नारळ-जायफळांचा दगड झाला अशी त्यांविषयीची लोककथा वसाहतकालीन गॅझेटियरातही नोंदली गेली. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतील शास्त्रज्ञांनी बेसाल्टवरील मातींत झिओलाइट हळूहळू कॅल्शियम पुरवत राहतो आणि मातीला आम्ल होऊ देत नाही हे दाखवून दिले. सातपुड्यातील जास्त पावसाच्या भागात मॉलिसॉल, म्हणजे गडद, भुसभुशीत, सेंद्रिय कर्बाने व कॅल्शियमसारख्या मूलद्रव्यांनी समृद्ध पृष्ठथराची माती, टिकून राहिली आहे तीही याच झिओलाइटच्या आधाराने, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पोयट्याचा स्वभाव दुहेरी आहे. झाडांना घेता येईल असे पाणी धरून ठेवण्यात तो वाळूहून कितीतरी सरस असतो, पण त्याच्या कणांना परस्परांशी बांधणारी शक्ती कमी असते. उघड्या जमिनीवर पावसाचे थेंब आपटले की कण सुटतात, छिद्रे बुजतात आणि सुकल्यावर पृष्ठावर पापडी धरते; ओल्या मातीवर गुरांचे खूर पडत राहिले की खालचा थरही दाबला जातो, पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि वाहताना प्रथम पोयटाच नेते. मातीची धूप किती सहज होईल याचा अंदाज बांधण्याच्या प्रचलित सूत्रात पोयटा व अतिबारीक वाळू यांची बेरीज हाच मुख्य घटक धरला आहे, तो यामुळेच.

अमेरिकी कृषी खात्याने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि भारतातही वापरल्या जाणाऱ्या मृदा वर्गीकरणात आज बारा गण, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचे वर्ग, आहेत. सखल काळी जमीन व्हर्टिसॉल गणात जाते. त्यासाठी किमान ३० टक्के चिकणमाती, ठरावीक काळ उघड्या राहणाऱ्या भेगा आणि आत एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले तिरके पृष्ठभाग लागतात. उतारावरची, थर नुकते आकार घेऊ लागलेली माती इन्सेप्टिसॉल, आणि थरच न बनलेली माथ्यावरची माती एन्टिसॉल. माथ्यावरच्या मातीला मिळणारे 'लिथिक उस्टॉर्थेंट' हे नाव उलगडून वाचले तर ते पुष्कळ सांगते: ५० सेंटिमीटरच्या आत कठीण खडक, वर्षाचा मोठा काळ कोरडा पण वाढीच्या हंगामात ओलसर, आणि घडण अल्पवयीन. कणांच्या आकाराचा विचार मात्र या पद्धतीत कुटुंबाच्या पातळीवर, म्हणजे बराच खाली होतो, आणि ज्याला गवताची चिंता आहे त्याला ही उतरंड उलटी वाटली तर नवल नाही.

अमेरिकेतील चराऊ प्रदेशांत म्हणूनच दुसरी रीत रूढ झाली: एका पर्जन्यपट्ट्यातील जमिनी 'पोयट्याची', 'वालुकामय', 'चिकण', 'उथळ' अशा नावांनी वेगळ्या करून प्रत्येकीवर कोणते गवत मूळचे येते आणि अतिचराईने ते कोणत्या क्रमाने हटते याची नोंद ठेवायची. भारतात दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशातील गवताळ आवरणाचे पाच प्रकार ठरवले. त्यांतील द्वीपकल्पाच्या प्रकारात पवना हे गवत मुरमाड जमिनीवर आणि मारवेल हे गवत सपाट काळ्या जमिनीवर प्रबळ असते, व चराई वाढली की कुसळीसारखी गवते पुढे सरसावतात. समुद्रपूरच्या खरडी व बरडीची फोड याच धर्तीवर करता येईल, मात्र पहिले माप खोलीचे असावे. पोयट्याच्या मातीत दर सेंटिमीटरला साधारण पावणेदोन मिलिमीटर उपयोगी पाणी मावते असे धरल्यास २५ सेंटिमीटरच्या थरात सुमारे ४५ मिलिमीटर साठते. त्यात एक तृतीयांश दगडगोटे असतील तर तेच ३० वर येते, आणि पाऊस थांबल्यावर दिवसाला चार-पाच मिलिमीटर उडून गेल्यास आठवडाभरात गवत पिवळे पडू लागते.

खोलीच्या या तांत्रिक वाटणाऱ्या फरकाला कायद्यातही वजन आले आहे. वर्ध्यासह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशा अनेक जमिनी महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणून नोंदल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात त्यांना आपल्याच १९९६ च्या आदेशानुसार वनच मानले, आणि पर्यायी वनीकरणासाठी त्या वापरायच्या तर बिगरवन जमीन उपलब्ध नसल्याचे राज्याच्या मुख्य सचिवांचे प्रमाणपत्र लागेल अशी अट घातली. मुरमाड आणि खुरट्या झाडोऱ्याची जमीन ही या नोंदीची जुनी ओळख, पण तिच्याखाली वीतभर मातीचा माथा, मुरमावरचा मध्यम उतार आणि ओढ्याकाठचा खोल पोयटा हे तिन्ही असू शकतात. पहिल्यावर रोपांसाठी खड्डे खणणे म्हणजे असलेले पवन्याचे मूळ उखडून खडक उघडा करणे होय. तिसऱ्यावर झाड आणि गवत दोन्ही तग धरतात. कोणत्या गट क्रमांकात यांतील काय असेल ते सातबाऱ्यावरील नोंदीवरून कळत नाही, त्यासाठी उताराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत ओळीने मृदा-छेद घेऊन प्रत्येक ठिकाणची खोली, दगडगोट्यांचे प्रमाण आणि पोयटा मोजावा लागतो.