परदेशी शेतीशिक्षण : पैशाचा प्रश्न आणि मातीचा प्रश्न



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे शेवटच्या बाकावर बसलो. आज त्यांच्या तसबिरीशेजारी उभे राहताना संकोच वाटतो. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘पैशाविषयी बोलतो.’ ते जरा थबकले. व्यासपीठावरून ज्ञानाविषयी बोलावे आणि पैशाविषयी जिन्याखाली कुजबुजावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. परंतु शाश्वत शेतीच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ पाहणारी मुले ज्ञानावाचून नव्हे, पैशावाचून अडतात. मीही अडलो होतो.

आधी एका विसंगतीची आठवण करून देतो. 1924 साली आपल्या इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. जमीन होळकर दरबारची, संचालक अल्बर्ट हॉवर्ड. शेतातला काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक काळाने ते वरखाली करून खत करण्याची जी रीत तेथे सिद्ध झाली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचे पुस्तक 1931 साली प्रसिद्ध झाले. त्यावर हॉवर्ड यांच्या नावाखाली दुसरे नाव आहे : यशवंत वाड. संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहणाऱ्या या गृहस्थांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? मी स्वतः ते प्रथम वाचले परदेशातील ग्रंथालयात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. ज्या आवारात हे काम झाले, त्याच आवारातील कृषी महाविद्यालयात मी चार वर्षे सायकल लावली होती.

आता माझी हकिकत. आमची देवासच्या बाजूला चौदा बिघे जमीन. काळी माती, खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू. गहू निघाला की नरवाई पेटवून द्यायची आणि पुढच्या पिकाला मोकळे व्हायचे, ही गावाची रीत. विहीर दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा लवकर तळ दाखवी. 2004 साली मला आयोवा राज्यातील विद्यापीठात जाण्याचा ध्यास लागला. शाश्वत शेतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तेथे 2001 मध्ये सुरू झाला होता. ‘एक होता कार्व्हर’ वाचलेल्या मराठी मुलाला आयोवा काही परके नाही. कार्व्हर यांनी 1896 साली पदव्युत्तर पदवी घेतली ती तेथेच.

मी बँकेत गेलो. त्या काळच्या नियमाप्रमाणे चार लाखांपर्यंत तारण लागत नसे, साडेसात लाखांपर्यंत जामीन लागे, त्यावर मात्र तारण. अधिकाऱ्यांनी विचारले, ‘काय आहे?’ मी अभिमानाने म्हणालो, ‘चौदा बिघे बागाईत.’ ते हसले. शेतजमीन चालत नाही, शहरात प्लॉट असेल तर बोला, असे त्यांनी सांगितले. शेतीच्या शिक्षणासाठी शेताची किंमत शून्य, हे मी त्या टेबलाशी उभा राहून शिकलो.

घरी आलो. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तारण चालत नाही ना? विकू. सात बिघे गेले तरी सात राहतील.’ आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. गिऱ्हाईकही ठरले होते. जमीन कशी वाचवावी हे शिकण्यासाठी जमीन विकायची, यातला वेडेपणा त्या दिवशी मला दिसला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मी मनातून सुखावलो होतो.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी पेढा बाजूला ठेवला. ‘आतापर्यंत किती पत्रे लिहिलीस?’ मी सांगितले, विश्वस्त निधींना आणि दानशूर मंडळींना मिळून चाळीस. नक्कल बरोबर होती. त्यांनी ती वाचली. मी गरीब शेतकऱ्याचा मुलगा, वर्गात दुसरा, परदेशी शिक्षणाची तळमळ वगैरे वगैरे. लाल शाईचे पेन काढून त्यांनी समासात लिहिले : ‘यात तू आहेस. तुझे शेत कुठे आहे?’ आणि म्हणाले, ‘अरे, दया मागितलीस की माणूस एकदा पाच रुपये देतो. प्रश्न घेऊन गेलास की तो खुर्ची पुढे ओढतो. दोन महिने थांब. जमिनीचा सौदा तोवर करू नका म्हणावे बाबांना. मी येऊन सांगतो हवे तर.’ आणि ते खरोखरच आले, एस.टी.ने, उन्हातान्हात.

त्या दोन महिन्यांत मी नव्याने काही शिकलो नाही, केवळ मोजले. आमच्या शेताच्या एका पट्ट्यात नरवाई जाळलेली होती, शेजारच्या पट्ट्यात मजूर न मिळाल्यामुळे तशीच राहिली होती. दोन्हीकडची माती विळ्याने खणून, तोलून, वाळवून, पुन्हा तोलून ओलाव्यातला फरक टिपला. पद्धत ओबडधोबड होती, हे आज कळते. पण एका पानाचे पत्र तयार झाले : काळ्या मातीत गव्हाचे अवशेष किती ठेवावेत, म्हणजे ओल टिकेल आणि सोयाबीनची पेरणीही अडणार नाही? ते मी सहा प्राध्यापकांना पाठवले. चौघांनी उत्तर दिले नाही. एकाने शुभेच्छा दिल्या. सहाव्याने उलट सात प्रश्न विचारले. मका आणि सोयाबीनच्या त्या प्रदेशात पिकांच्या अवशेषांचा हाच प्रश्न त्यांच्यासमोर होता. वर्षभरानंतर मला असिस्टंटशिप मिळाली : आठवड्याला वीस तास संशोधनाचे काम, त्याबदल्यात निर्वाहवेतन आणि शिक्षणशुल्काचा भार हलका.

हा मार्ग आपल्या मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर बोलतो. अमेरिकेतील कृषिविद्याशाखांत संशोधनाधिष्ठित पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च पुष्कळदा प्राध्यापकाच्या संशोधननिधीतून चालतो. तो निधी कधी असतो, कधी आटतो. म्हणून अर्जाआधी प्राध्यापकाशी पत्रव्यवहार. जर्मनीत हिशेब निराळा. गटिंगेन आणि कासेल ही विद्यापीठे शाश्वत आंतरराष्ट्रीय शेतीचा अभ्यासक्रम एकत्र चालवतात, शुल्क नाममात्र. होहेनहाइमला मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यास सहामाहीस 1,500 युरो पडतात. मात्र व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधीच बंद खात्यात ठेवावी लागते. 2024 पासून ती 11,904 युरो आहे. ती महिन्याच्या हप्त्यांनी आपल्यालाच परत मिळते, पण आधी ती असावी लागते. इरास्मस मुंडस, फुलब्राइट-नेहरू या शिष्यवृत्त्या आहेत. 1892 साली सुरू झालेला जे. एन. टाटा निधी आहे, तो कर्जरूपाने देतो.

पण बहुतेकांचा घात मोठ्या रकमेपायी होत नाही. माझी असिस्टंटशिप मंजूर झाली तेव्हा हातात काय होते? काही नाही. परीक्षांचे शुल्क, अर्जांचे शुल्क, व्हिसा, विमानाचे तिकीट, थंडीचा कोट, खोलीची अनामत आणि पहिले वेतन हाती येईपर्यंतचे जेवण. ही सगळी रक्कम शिष्यवृत्ती सहसा आगाऊ देत नाही. सरांनी एक शंभर पानी वही आणली. एकतीस जणांनी मिळून अडुसष्ट हजार रुपये दिले. शाळेच्या शिपाईमामांचे पाचशे त्यांत पहिले. ‘शेती शिकायला कशाला रे परदेश, ती तर गावात फुकट शिकवतात,’ असे म्हणणारेही भेटले. त्यांचीही नोंद सरांनी केली आहे, नाव न लिहिता.

वहीत चार रकाने होते : नाव, दिलेली रक्कम, परत आलेली रक्कम आणि चौथा, ‘जमिनीस परत’. मला तो विनोद वाटला होता.

दिलेल्या पैशावर देणाऱ्याचा हक्क किती, हा प्रश्न जुना आहे. आपल्या शेजारच्या महूला जन्मलेले डॉ. आंबेडकर 1913 साली बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ते दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. बडोद्यात त्यांना राहायला घरसुद्धा मिळू नये अशी वागणूक समाजाने दिली आणि तो करार पुरा होणे अशक्य झाले. पण 1918 साली त्यांनी भारतातील लहान शेतांच्या प्रश्नावर जो निबंध प्रसिद्ध केला, तो कोणत्या रकान्यात लिहायचा? पांडुरंग खानखोजे अमेरिकेत कष्ट करून शेतीशास्त्र शिकले. क्रांतिकार्यामुळे त्यांना मायदेश बंद झाला. त्यांचे मक्यावरचे संशोधन मेक्सिकोच्या जमिनीला मिळाले. 1967 मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. करारात सगळे मावत नाही.

माझ्याजवळ मात्र अशी कोणतीही सबब नव्हती. 2008 पर्यंत मी सगळी रक्कम फेडली. एकतीसपैकी अकरा जणांनी ती परत न घेता ‘पुढच्याला द्या’ असे कळवले. त्यानंतर मी तेथेच नोकरी धरली. सर दर सहा महिन्यांनी पत्र लिहीत, ‘आभार नकोत, काय शिकलास ते लिही.’ 2011 च्या पत्रात त्यांनी वहीतील माझ्या पानाची छायाप्रत पाठवली. तीन रकाने भरलेले, चौथा कोरा. सोबत एक अक्षरही नव्हते. मी 2012 मध्ये परतलो. सर त्याच्या चार महिने आधी गेले होते.

आमच्या चौदा बिघ्यांवर गेली काही वर्षे नरवाई जळलेली नाही. चमत्कार झाला म्हणाल तर नाही. पहिली दोन वर्षे सोयाबीनची उगवण विरळ झाली, बाबा माझ्याशी तुटक बोलत. पेरणीयंत्र बदलल्यावर बसले. शेजारच्या सहा शेतकऱ्यांनी जाळणे सोडले, त्यांतील दोघांनी पुन्हा सुरू केले. विहिरीबद्दल मी अजून छातीठोकपणे काही सांगणार नाही.

ती वही आता शाळेच्या कार्यालयात असते. त्यातल्या पैशावर आजवर चौघे गेले. या वर्षी पाचवी आहे, आपल्याच शाळेची विद्यार्थिनी, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला जर्मनीत प्रवेश मिळाला आहे, बंद खात्याची रक्कम कर्जाने उभी राहिली आहे. तिचा प्रश्न माळव्यातल्या बटाट्याच्या पाण्याचा आहे, तो तिच्याच तोंडून ऐका. माझ्यापेक्षा ती नीट सांगते. सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर वही उघडी असेल. तिच्या पानावर तिकिटाची आणि कोटाची रक्कम अजून भरायची आहे.