कर, कौल आणि कोतवाली



नगराच्या रक्षणाचा खर्च कोणी व किती सोसावा, हा प्रश्न जुनाच आहे. आपल्या राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यसूचीत ठेवला आहे. त्यामुळे घरपट्टी भरणारा नागरिक पोलिसांच्या संख्येवर थेट कौल देत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मात्र तो अधिकार मतदारांच्या हाती येऊ शकतो. त्या अधिकाराचे मोल आणि मर्यादा ओकलंड शहराच्या अनुभवातून स्पष्ट होतात.

१९७८ साली तेथील मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ संमत केले. मूल्यावर आधारित मालमत्ता कराला एक टक्क्याची मर्यादा पडली आणि विशिष्ट कार्यासाठी नवा स्थानिक कर बसविण्यास दोन-तृतीयांश मतांची अट आली. तेव्हा अनेक नगरांनी प्रत्येक भूखंडामागे ठरावीक रक्कम घेण्याचा मार्ग धरला. नोव्हेंबर २००४ मध्ये ओकलंडच्या मतदारांनी मंजूर केलेल्या ‘मेझर वाय’मध्ये अशा कराला वाहनतळावरील अधिभाराची जोड होती. त्यातून वस्त्यांमध्ये काम करणारे ६३ पोलीस, हिंसाचार-प्रतिबंधाचे उपक्रम आणि अग्निशमन सेवा यांना निधी मिळावयाचा होता. मात्र शहराने इतर निधीतून ७३९ पोलिसांची तरतूद कायम ठेवली, तरच हा कर वसूल करता येणार होता. नव्या पैशाने जुना खर्च भागविला जाऊ नये, हा त्यामागील हेतू.

पुढे मंदीने तिजोरी आटली आणि जुलै २०१० मध्ये शहराने ८० पोलिसांना कामावरून कमी केले. आता अटच कराच्या आड आली. त्याच नोव्हेंबरात ‘मेझर बीबी’द्वारे मतदारांकडून ती काही काळ स्थगित करून घ्यावी लागली. २०१४ च्या ‘मेझर झेड’मध्ये किमान संख्या ६७८ ठरली.

अशी अट नेमक्या अडचणीच्या वेळी निधी अडविते, हा आक्षेप खोटा नाही. परंतु ती नसती, तर संख्या मुकाट्याने घटली असती आणि कर चालूच राहिला असता. अटीमुळे कारभाऱ्यांना लोकांपुढे येऊन कारण सांगणे भाग पडले.

कर्नाटकात १९६५ च्या कायद्यान्वये मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर द्यावा लागतो. त्यासाठी कोणी घरोघरी मत विचारीत नाही. जेथे कौल घेतला जात नाही, तेथे हिशेब मागण्याची जबाबदारी अधिकच वाढते. पैसा पोलिसांसाठी असो वा पुस्तकांसाठी, तो कोठे पोहोचला हे पाहणे हाही नागरिकाचा पहाराच होय.