ऐकणारे डॉक्टर

हात नाडीवर, पण मन बाहेरच्या रांगेत, असे डॉक्टर आपण पाहतोच. यावर एक उपाय करून पाहिला गेला, ध्यानाचा. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी बौद्ध ध्यानातली धर्माची चौकट बाजूला ठेवून त्याचे वर्ग सुरू केले, ते जुनाट दुखण्यानं गांजलेल्या रुग्णांसाठी. पुढे अमेरिकेतल्याच रॉचेस्टरमध्ये ७० डॉक्टरच असं ध्यान शिकायला बसले. आधी आठ आठवडे, मग दहा महिने महिन्यातून एकदा. श्वासाकडे लक्ष द्यायचं, अवघड रुग्णांचे अनुभव सांगायचे, आणि दुसऱ्याचं बोलणं न तोडता ऐकायचं. डॉक्टरांना हेच सगळ्यात जड गेलं असावं! २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: मनाचा थकवा घटला, रुग्णांविषयीची आस्था वाढली. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. त्यामुळे सगळं श्रेय ध्यानालाच देता येत नाही.