खालच्या खणातली पुस्तकं



शास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले पंत एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पडतात. तिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं, कारण विश्वासरावांना लागायची ती गोळी चाटून गेलेली असते. आझाद मैदानावर सभा चाललेली दिसते, अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते आणि पंत सवयीनं तिच्यात जाऊन बसतात. लोक चवताळून उठतात. त्यांच्या जगात अध्यक्षांची प्रथाच मोडीत निघाली आहे.

एक हुकलेली गोळी आणि एक रिकामी खुर्ची! एवढ्या भांडवलावर इतिहास घडतो कसा, हा प्रश्न नारळीकर उभा करतात. आणि अशा लेखकाला आपण कुठे ठेवलं? मध्यंतरी एका वाचनालयात मी त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथासंग्रह मागितला, तर बालविभागाकडे बोट दाखवलं गेलं. सगळ्यात खालच्या खणात, सामान्यज्ञानाच्या पुस्तकांना टेकून, पाठीचा कागद निघालेली प्रत होती. तारखेचा शेवटचा शिक्का आठ वर्षांपूर्वीचा.

याचा मला संताप येतो. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी उतरवून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांनी आपल्या नावाचं वजन बाजूला ठेवून कथा पारखायला दिली. आपण मात्र ‘शास्त्रज्ञाचा फावल्या वेळचा छंद’ म्हणून तिची बोळवण केली.

विज्ञानकथा न वाचण्यासाठी ‘आम्हाला विज्ञान कळत नाही’ ही सबब मला सांगू नका. नंदा खरे यांची ‘उद्या’ वाचायला कुठलं सूत्र लागतं? माणसांवरची पाळत, मूठभरांच्या हाती गेलेली सत्ता, मुलींची घटलेली संख्या, हे सगळं आपल्या उंबऱ्यावर आलेलं आहे. या कादंबरीला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला. नकाराची चर्चा आठवडाभर रंगली. ज्यांनी ती रंगवली, त्यांच्यातल्या किती जणांनी कादंबरी उघडली होती?

शुभदा गोगटे यांची ‘यंत्रायणी’ वाचा. सुबोध जावडेकरांचा ‘आकाशभाकिते’ हा संग्रह वाचा. पटलं नाही तर खरमरीत लिहा, भांडा. न वाचता मुलांच्या कपाटात ढकलण्याचा हक्क मात्र कुणालाच नाही, समीक्षकांना तर मुळीच नाही.

ग्रंथपालांना माझं सांगणं आहे: उद्या वाचनालय उघडलं की ही पुस्तकं कादंबऱ्यांच्या कपाटात, डोळ्यांच्या उंचीवर लावा. ‘उद्या’ची माझी प्रत मी आणली आहे, ती इथेच देऊन जातो. सभा संपल्यावर पहिली नोंद कोण करतंय, ते मी दाराशी थांबून पाहणार आहे.