उत्तम मार्ग कोण ठरवितो?



परीक्षेचा निकाल आपण मोबाइलवर पाहता, तेव्हा ती माहिती अनेक कंपन्यांच्या नेटवर्कमधून प्रवास करीत आलेली असते. एका नेटवर्कच्या सीमेवरून पुढे कोणता रस्ता धरावा, हे राउटर नावाचे यंत्र ठरविते. सीमेवरचे राउटर एकमेकांना रस्ते कळवितात, त्या पद्धतीला बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, थोडक्यात बी.जी.पी., म्हणतात. १९८९ साली कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवताना कागदी रुमालांवर तिचा पहिला आराखडा काढला.

सर्वांत जवळचा रस्ता तो उत्तम, असे आपणांस वाटेल. राउटर मात्र गुणवत्ता यादीसारखा विचार करतो. दोघांचे एकूण गुण सारखे आले तरच आपण पुढचा निकष लावतो ना? तसेच येथे. पहिला मोठा निकष ‘लोकल प्रेफरन्स’, म्हणजे मालकाने स्वतः दिलेली पसंती. ती समान असेल, तरच वाटेत किती नेटवर्क लागतात हे मोजले जाते आणि कमी नेटवर्कचा रस्ता जिंकतो. तेथेही बरोबरी झाली, तर बारीकसारीक निकष एकामागून एक लागतात.

समजा, एका महाविद्यालयाने दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या. एक मोठी, दुसरी अडीअडचणीसाठी. पसंतीचा आकडा सामान्यतः १०० असतो. पहिल्या लाइनीच्या रस्त्यांना २०० दिला, की बाहेर जाणारी सर्व माहिती तिकडूनच जाईल, मग तो रस्ता लांबचा का असेना. ती लाइन तुटली, की दुसरी आपोआप कामाला लागते.

परंतु हा आकडा आपल्या घरापुरताच. बाहेरून येणारी माहिती कोठून यावी, हे दुसरे लोक ठरवितात. त्यासाठी दुसऱ्या लाइनीवर आपला नेटवर्क क्रमांक दोन-तीन वेळा लिहितात, म्हणजे तो रस्ता मुद्दाम लांब दिसतो. मात्र ही विनंती झाली, हुकूम नव्हे. समोरच्याची पसंती वेगळी असेल तर तो ती मानणार नाही.

आता खरी जबाबदारी ऐका. बी.जी.पी. मुळात शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते युट्यूब बंद करण्यासाठी एक नोंद केली. ती नोंद सीमेबाहेर गेली आणि हाँगकाँगच्या पी.सी.सी.डब्ल्यू. कंपनीने न तपासता जगभर पोहोचविली. युट्यूबने १,०२४ पत्त्यांचा गट जाहीर केला होता. या नोंदीत त्यातलेच २५६ होते. माहिती पाठविताना राउटर नेहमी लहान, नेमका गट निवडतो. तेथे पसंतीचा प्रश्नच येत नाही. जगातील मोठ्या भागात युट्यूब दोन तासांच्या आसपास बंद पडले. कोणतेही यंत्र बिघडले नव्हते. प्रत्येक राउटरने नियम तंतोतंत पाळला होता.

म्हणूनच आपल्या महाविद्यालयानेही दोन्ही कंपन्यांना केवळ स्वतःचेच पत्ते कळवावेत, अशी गाळणी लावलीच पाहिजे. नाही तर एका कंपनीचे रस्ते दुसरीला कळतील आणि परक्यांची सारी वाहतूक त्या छोट्या लाइनीवर कोसळेल. आता पत्ते कोणाचे हे सिद्ध करणारी आर.पी.के.आय. ही डिजिटल दाखल्यांची सोय झाली आहे, तीही वापरावी.

विद्यार्थी मित्रांनो, हे शिकण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. एफ.आर.आर. हे विनामूल्य सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालते. त्यावर तीन-चार राउटर मांडा, आकडे बदला, रस्ता का बदलला हे वहीत लिहा. पालकांनो, मुलगा वा मुलगी संगणकापुढे बसून असे काही करीत असेल, तर तो वेळ वाया गेला असे समजू नका. यंत्र फक्त नियम पाळते. नियम लिहिणारा हात जाणता असावा लागतो, आणि तो हात आपल्याही घरात तयार होऊ शकतो.